अमेरिकेहून सहा तिखट बाटल्या आल्यात. कशाबरोबर काय खायचं?

हरिपूररोड (सांगली)

नमस्कार मंडळी. प्रश्न खाण्याचा आहे, पण जरा लांबण लावून विचारतो. अर्धवट विचारलं की उत्तरंही अर्धवट येतात.

मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर मी 31 वर्षं दिवाणजी होतो. आता घरीच असतो. हळदीच्या धुरळ्यात एवढी वर्षं काढल्यावर माझं नाक गेलं असणार, असं लोकांना वाटतं. पण सौद्याच्या वेळी हळकुंड मोडून वास घ्यायची सवय लागली ती अजून सुटलेली नाही, त्यामुळे नाक आणि जीभ दोन्ही शाबूत आहेत असं माझं मत. आमच्या हिचं मत वेगळं आहे.

नाताळच्या सुट्टीत भाचा टेक्सासहून आला. मामाला तिखट आवडतं म्हणून त्यानं सहा बाटल्या आणल्या. त्यातली एक बॅगेतच सांडली आणि त्याच्या दोन शर्टांना केशरी रंग देऊन गेली, तरी अर्धी वाचली. यादी अशी:

टबॅस्कोची छोटी बाटली, थेंब थेंब पडणारी. कोंबड्याचं चित्र आणि हिरवं टोपण असलेली श्रीराचा. लाकडी गोल टोपणाची चोलुला. फ्रँक्स रेडहॉट. ती सांडलेली केशरी, हबानेरो मिरची आणि गाजराची. आणि सहावी काळी, तिच्यावर कवटी. भाचा म्हणाला, "मामा, ही जपून." आता मामाला जपून म्हटल्यावर मामा काय करणार? बोटाच्या टोकावर घेऊन चाटली. वीस मिनिटं उचकी. आई (वय 84) पाठीवर हात फिरवत विचारत होती, कुणाची आठवण आली रं एवढी.

ते सोडा. बाकीच्या बाटल्यांनी मी गोंधळलोय. टबॅस्को पहिल्या दिवशी भडंगावर शिंपडलं. सांगलीच्या माणसानं भडंगावर काही शिंपडणं हाच मुळात गुन्हा आहे, कबूल. दोन मिनिटांत चुरमुरे चिवट झाले आणि लसणाच्या वासावर व्हिनेगर चढून बसलं. दुसऱ्या दिवशी पिठलं-भाकरीवर श्रीराचा घेतली. ही म्हणाली, "पिठल्यात साखर कुणी टाकली?" मिसळीत फ्रँक्स टाकून बघितली, तर कटाची चव गेली आणि तिखटपणा होता तेवढाच राहिला.

म्हणजे माल वाईट नाही. कुठला माल कुठल्या गिऱ्हाइकाला, हेच मला कळेना झालंय. अनुभवी लोकांनी सांगावं. बाटल्या फ्रीजमध्ये ठेवायच्या का? आणि त्या कवटीवर काहीतरी लाखातला आकडा आहे, तो काय असतो? आकडा मोठा म्हणजे माल भारी, असं आहे का?

---

गाडीवाला_पोवईनाका (सातारा)

दिवाणजी, पोवई नाक्याच्या अलीकडे संध्याकाळी माझी ऑम्लेट-बुर्जीची गाडी असते. पोरं कॉलेजची, त्यातली निम्मी रील बघून येतात आणि मागतात, "काका, श्रीराचा आहे का?" म्हणून मी या बाटल्या ठेवायला लागलो. दोन वर्षं झाली. माझे बरेच पैसे यात वाया गेलेत, तेव्हा ऐका.

बाटलीत तिखट किती हे बघूच नका. तिखट आपल्या घरात चिक्कार आहे. आधी बघायचं आंबट किती, मग गोड किती, मग लसूण आहे का.

टबॅस्कोत फक्त तीन गोष्टी: व्हिनेगर, लाल मिरची, मीठ. त्यात आंबटच पुढं असतं. म्हणून जिथं तुम्ही लिंबू पिळाल तिथंच ते टाका, आणि टाकलं तर लिंबू पिळू नका. अख्खा मसूर, तळलेली मासळी, कांदा घातलेलं उकडलेलं अंडं, मटण सुकं. ताटात वाढल्यावर चार-पाच थेंब. मिसळीवर तुम्ही आधीच लिंबू पिळलं असणार. वर आणि व्हिनेगर ओतल्यावर कट कसा वाचेल?

श्रीराचात साखर आणि लसूण दोन्ही. तिला मी टोमॅटो सॉसची तिखट बहीण म्हणतो. टोमॅटो सॉस जिथं चालतो तिथं ही चालते: बटाटेवडा, कटलेट, मॅगी, ब्रेड-ऑम्लेट. पिठल्यावर टोमॅटो सॉस घ्याल का? नाही ना. घट्ट चक्क्यात दोन चमचे श्रीराचा कालवून उकडलेल्या बटाट्यांबरोबर खाऊन बघा. गाडीवर हे मी "पांढरी-लाल चटणी" म्हणून देतो, पोरं वाटी चाटतात.

चोलुला सगळ्यात सोज्वळ. आंबट कमी, तिखट बेताचं. अंड्याला हीच. मक्याचं कणीस भाजून लोणी लावून वर ही.

फ्रँक्स एकटी वापरूच नका, तिला लोणी लागतं. अमेरिकेत बफेलो म्हणून शहर आहे. तिथल्या अँकर बारमध्ये 1964 साली कोंबडीचे तळलेले पंख या सॉसमध्ये आणि लोण्यात घोळून दिले, तेव्हापासून ती जोडी जमलेली आहे. आपल्याकडं पंख कोण खातंय. मी फ्लॉवरची भजी तळतो, गॅस बंद करून पातेल्यात दोन चमचे लोणी, तीन चमचे फ्रँक्स, ढवळायचं आणि भजी त्यात उलथीपालथी करायची. लगेच खायची, पाच मिनिटांनी कुरकुरीतपणा जातो. शनिवारी माझ्या दोन कढया संपतात.

केशरीचं मला माहीत नाही. आणि भडंगाबद्दल मी काही बोलत नाही, तुम्ही आधीच माफी मागितलीय.

---

कांडपवाली (कराड)

मला हा सगळा प्रकारच उलटा वाटतो, पण भाऊंनी लिंबाचं सांगितलं ते पटलं.

आमचं चटणी कांडप आहे. मार्च ते मे रोज दीडशे-दोनशे किलो मिरची डंकाखाली जाते. त्यामुळं दोन गोष्टी सांगते. आपण तिखट फोडणीत घालतो, तेलात. मिरचीचा जो जाळ असतो तो तेलात विरघळतो, पाण्यात विरघळत नाही. म्हणून आपल्या रश्शात तिखट तवंगाबरोबर सगळीकडं पसरतं आणि घासाच्या शेवटी घशात लागतं. या बाटल्यांत तेल नसतं. मिरची, पाणी, व्हिनेगर. ते जिभेच्या शेंड्यावर चटकन लागतं आणि जातं. तिकडं स्वयंपाक बिनतिखटाचा करतात, मग ज्याला हवं त्यानं ताटात वरून घ्यायचं. त्यांच्या जेवणाला ते बरोबर आहे. आपल्या रश्शात आधीच सगळं मुरलेलं असतं, वरून काय घालणार? पांढऱ्या रश्शात कुणी यातलं काही घातलं तर मी त्याला जेवायला बोलावणार नाही.

दुसरं, या बाटल्या तापलेल्या तेलात कधीही ओतू नका. माझ्या सुनेनं एकदा भाताला फोडणी देताना व्हिनेगरवालं सॉस टाकलं. सगळी बिल्डिंग खोकत होती.

आणि मिरचीचं तिखट बियांत असतं असं सगळे म्हणतात, तसं नाही. आत जी पांढरी शीर असते, जिला बिया चिकटलेल्या असतात, तिच्यात असतं. भरल्या मिरच्या करताना ती शीर चमच्यानं खरवडली की पोरंसुद्धा खातात.

तुमच्या केशरी बाटलीसाठी एक सुचवते. हबानेरोला म्हणे फळासारखा वास असतो. तर काकवीत तिचे थेंब घालून बघा, गरम पोळीबरोबर. आमच्याकडं काकवीत लाल तिखटाची चिमूट घालून पोरं खातात, त्यावरून म्हणते.

---

वाईचा_मास्तर

आकड्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. 38 वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, सवय जात नाही.

तो आकडा स्कोव्हिलचा. विल्बर स्कोव्हिल हे अमेरिकी औषधशास्त्रज्ञ, त्यांनी 1912 साली ही पद्धत काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा आणि पाच जणांना चाखायला द्यायचा. तिखट लागेनासं होईपर्यंत जितक्या पट पातळ करावं लागलं, तो आकडा. आता हे काम यंत्र करतं. टबॅस्कोचा आकडा 2,500 ते 5,000, म्हणजे आपल्या हिशेबात किरकोळ. आसामकडची भूत जोलोकिया 2007 साली गिनीज बुकात गेली, तिचा दहा लाखांच्या वर. 2023 पासून विक्रम पेपर एक्स या मिरचीचा, जवळपास 27 लाख. आकडा फक्त जाळ सांगतो, चव सांगत नाही. कवटीवाल्या बाटल्यांत बहुतेक वेळा मिरचीचा नुसता अर्क असतो आणि तो कडू लागतो. ती आमटीच्या मोठ्या पातेल्याला एक थेंब, अशीच वापरावी. हात साबणानं धुवावेत, नंतरच डोळ्याला लावावेत.

उचकीवर तुम्ही पाणी प्यायला असाल. ताईंनी वर सांगितलंच आहे की तो जाळ, म्हणजे कॅप्सेसिन, पाण्यात विरघळत नाही. पाण्यानं तो फक्त तोंडभर पसरतो. दूध किंवा दही घ्यावं, त्यातलं केसिन नावाचं प्रथिन त्याला धरून घेऊन जातं. गंमत अशी की मिरची तोंड भाजत नाहीच. 43 अंशांच्या वरची उष्णता ओळखणारी जी संवेदकं जिभेवर असतात, त्यांनाच कॅप्सेसिन चिकटतं आणि मेंदूला वाटतं तोंड पोळलं. हे शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल विभागून मिळालं. पक्ष्यांची संवेदकं याला दाद देत नाहीत. पोपट मिरची मजेत खातो तो त्यामुळं, शूर आहे म्हणून नव्हे.

फ्रीजचं: टबॅस्कोसारखी व्हिनेगरची बाटली बाहेर राहते, फार तर रंग काळपट होतो. गाजराची आणि फळांची उघडल्यावर फ्रीजमध्ये.

---

हरिपूररोड (सांगली)

सगळ्यांचे आभार. नऊ दिवस प्रयोग केले. वहीत नोंदी आहेत, दिवाणजीची खोड. सगळं सांगत बसत नाही.

अख्खा मसूर आणि टबॅस्को: पास, आणि चांगल्या मार्कांनी. लिंबानं जी नुसती आंबट धार येते तिच्यात मिरचीचा मुरलेला वास मिसळतो. रोटी बाजूला राहिली, मी वाटीला तोंड लावलं.

चक्का-श्रीराचा: यानं हिला जिंकलं. हीच ती जी साखर कुणी टाकली विचारत होती. आता नातवंडांच्या कटलेटांना, आप्प्यांना, सगळ्याला तेच चालू आहे. बाटली अर्धी झाली. भाचा सांगत होता, ज्यानं ती कंपनी काढली तो डेव्हिड ट्रॅन व्हिएतनाममधून निर्वासित म्हणून बोटीनं निघाला आणि 1980 साली लॉस एंजेलिसला हे सुरू केलं. कंपनीचं नाव त्या बोटीचंच ठेवलं आणि कोंबडा त्याच्या जन्मवर्षाचा. श्रीराचा हे मूळ नाव थायलंडातल्या गावाचं. आमच्या यार्डात दुकानांना आईवडिलांची नावं असतात, इथं बोटीचं. मला ते आवडलं.

फ्रँक्स-लोणी-फ्लॉवर: गाडीवाले, तुम्ही बोललात ते शंभर टक्के खरं. पाच मिनिटांचंही खरं. मी फोटो काढत बसलो आणि मऊ खाल्ली.

काकवी आणि केशरी: कांडपवाली ताई, तुमचे उपकार. पहिल्यांदा काकवीच लागते, मग नाकात आंबा-संत्र्यासारखं काहीतरी येतं आणि मग कान गरम होतात. दोनच थेंब मात्र. तीन घातले त्या दिवशी जेवण तिथंच संपलं.

नापास: पोहे (सगळ्यांबरोबर), हुरडा, दहीभात. हुरड्याला लसणाच्या चटणीपुढं यातलं कुणी उभं राहत नाही.

आता खरी गोष्ट. परवा आई माझ्या शेजारी जेवायला बसली होती. आईचं माहेर जत तालुक्यात, पार कर्नाटकाच्या सीमेला. तिला दात नाहीत, कान कमी, पण जीभ अशी की आमटीतलं मीठ वासावरून सांगते. मी मसुरावर टबॅस्को शिंपडत होतो. ती म्हणाली, मला दे. तळहातावर दोन थेंब घेतले, चाटले, डोळे मिटले. मला वाटलं आता उचकी लागते. म्हणाली, "ह्यो तर रंजक्याचा रस हाय. गाळून पाणी घातल्यालं. त्याल कुटं हाय?"

लहानपणी आजोळी रंजका, म्हणजे ओल्या लाल मिरचीची आंबवलेली चटणी, खाल्ल्याचं मला अंधुक आठवतं. चिनी मातीची बरणी, लालभडक, वास आंबूस. आमच्या घरी तो कधी झाला नाही, कारण वडिलांना आंबलेलं चालायचं नाही. आईनं 60 वर्षांत त्याचं नावही काढलं नव्हतं. कुणी करतं का अजून?

---

उमदीची_लेक (सध्या मुक्काम पुणे)

दिवाणजी, तुमच्या आईंच्या पाया पडते. बरोबर ओळखलं त्यांनी.

मी अन्नप्रक्रिया उद्योगात काम करते आणि आमच्या उमदीच्या (जत तालुका) घरात रंजका दरवर्षी होतो, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगू शकते. टबॅस्को अमेरिकेत लुईझियाना राज्यातल्या एव्हरी आयलंडवर होतं. एडमंड मॅकिलहेनी नावाचा माणूस, मूळचा बँकवाला, त्यानं 1868 साली सुरू केलं. पिकलेली लाल मिरची तोडल्या दिवशीच मिठाबरोबर वाटतात, व्हाइट ओकच्या लाकडी पिंपांत भरतात, झाकणावर मिठाचा जाड थर देतात आणि तीन वर्षांपर्यंत मुरू देतात. मग व्हिनेगर घालून ढवळतात आणि बिया-साली गाळून टाकतात. म्हणजे "गाळून पाणी घातल्यालं" हे वर्णन जवळपास अचूक. फक्त पाण्याच्या जागी व्हिनेगर.

आमच्या आजीचा रंजका: पिकून लाल झालेली ओली मिरची एक किलो. धुवायची आणि एकेक मिरची फडक्यानं पुसून सावलीत रात्रभर पसरायची. पाण्याचा एक थेंब राहिला की बुरशी आलीच. देठ त्यानंतर काढायचे, आधी नाही, नाहीतर धुताना पाणी आत शिरतं. दीड वाटी सोललेला लसूण, जाडं मीठ भरपूर (आम्ही किलोला दीडशे ग्रॅमच्या आसपास घालतो, कमी घातलं की बिघडतो), भाजलेल्या मेथ्यांची पूड एक चमचा, हिंग. पाट्यावर नाहीतर मिक्सरमध्ये भरड वाटायचं, पाणी घालायचं नाही. वरून सात-आठ लिंबांचा रस. काही जण गूळ घालतात, आमच्यात नाही.

बरणी गळ्यापर्यंत भरायची नाही. पहिले चार-पाच दिवस फुगतं, बुडबुडे येतात. तोंडाला दादरा, म्हणजे फडकं, बांधून ठेवायचं आणि रोज कोरड्या लाकडी डावानं ढवळायचं. हे आंबवणं ताकातल्यासारखंच असतं, लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू ते करतात. मीठ आणि आम्ल दोन्ही असल्यानं टिकतो. पंधरा दिवसांनी खायला सुरुवात. पांढरा नाहीतर काळा केसाळ थर दिसला तर जीव लावू नका, टाकून द्या.

एक सावधगिरी. तेल बरणीत आधीच घालून महिनोन् महिने बाहेर ठेवू नका. लसूण तेलाखाली, हवा न लागता राहिला आणि आंबटपणा पुरेसा नसला तर ते धोक्याचं असतं. तेल ताटात घ्यायचं, खाताना. ज्वारीची भाकरी, रंजक्याचा गोळा, त्याला बोटानं खळगा आणि त्यात कच्चं करडईचं तेल. आईंनी विचारलेलं "त्याल कुटं हाय" ते हे.

ओली लाल मिरची आत्ता जानेवारीत येते. फेब्रुवारी संपेपर्यंत मिळते, मग सगळी वाळते. घाई करा.

---

कांडपवाली (कराड)

बघा! मी म्हटलं होतं की नाही तेलाचं. 84 वर्षांच्या बाईला दोन थेंबांत कळलं.

मिरची घेताना ब्याडगी घेऊ नका, नुसता रंग येईल. संकेश्वरी मिळाली तर बघा. निम्मी-निम्मीही चालेल.

---

गाडीवाला_पोवईनाका (सातारा)

ताई, रंजका लोण्यात घोळला तर फ्लॉवरच्या भज्यांना चालेल का? फ्रँक्सची बाटली मला पुण्याहून मागवावी लागते आणि पोरांना नावाशी काही घेणं नाही, लाल दिसायला पाहिजे. दिवाणजी, झाला की एक छोटी बरणी साताऱ्याला पाठवा, पैसे देतो.

---

हरिपूररोड (सांगली)

सव्वादोन किलो मिरची आणली. आईनं पिशवीत हात घालून चार मिरच्या बाजूला काढल्या, मऊ होत्या. "सौद्याला डोळं झाकून बसायचास काय," म्हणाली. 31 वर्षांत मालकानं असं कधी विचारलं नव्हतं.

परवा रात्री पुसून झाल्या. मी, ही आणि नातू असे तिघं पुसत होतो आणि आई खुर्चीवर बसून फडकी तपासत होती. दोन फडकी ओलसर म्हणून परत आली. काल सकाळी वाटलं. घरभर सगळ्यांना शिंका. वडिलांच्या फोटोकडं बघून आई एवढंच म्हणाली, "आता ह्यास्नी वास येत न्हाई." बरणी आजोळची मिळाली नाही, लोणच्याचीच उकळून, उन्हात वाळवून घेतली. आज दुसरा दिवस, बुडबुडे आलेत. आई दर तासाला झाकण उघडायला सांगते आणि उघडलं की उघडू नको म्हणते.

गाडीवाले, पंधरा दिवसांनी बघू. आधी आई पास करेल मग साताऱ्याला.

कवटीची बाटली तशीच आहे. कुणाला हवी असेल तर हरिपूर रोडला येऊन घेऊन जा. येताना करडईचं घाण्याचं तेल मिळालं तर आणा, इथं दोन दुकानांत विचारलं, नाहीये.